बुरशी : सोयरी आणि वैरीण

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनाला लोक जमू लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्या घरात एक पाहुणी न बोलावता येऊन बसते. भिंतीच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसू लागतात. माळ्यावरच्या चपलांवर हिरवट भुकटी चढते. कालचा पाव आज पांढऱ्या कापसाने झाकला जातो. कारखान्यातून आलेल्या माणसाने सेफ्टी शूज काढले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात. ही सगळी बुरशीची करणी. आपण नाक मुरडतो, खरवडतो, फेकून देतो आणि विसरून जातो.

पण आपल्या पिंपरीला तरी बुरशीला विसरून चालणार नाही. या गावात एके काळी बुरशी सोन्यासारखी जपून वाढवली गेली. तिच्यासाठी टाक्या बांधल्या गेल्या, तीन-तीन पाळ्यांत माणसे तिची राखण करीत होती आणि तिच्यापासून निघालेल्या औषधाने देशभरातल्या गरिबांचे प्राण वाचत होते. तेव्हा ही बुरशी आहे तरी कोण, ती कधी सोयरी होते आणि कधी वैरीण, हे आपण नीट समजून घेऊ.

ना वनस्पती, ना प्राणी

शाळेत आपल्यापैकी अनेकांना बुरशी ही वनस्पती म्हणून शिकवली गेली. आता शास्त्रज्ञ तसे मानत नाहीत. १९६९ साली व्हिटाकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली, तेव्हा बुरशीला तिची स्वतंत्र सृष्टी मिळाली. झाडाला हिरवे द्रव्य असते. त्याच्या बळावर ते उन्हात आपले अन्न तयार करते. बुरशीकडे हे हिरवे द्रव्य नाही. ती ज्या वस्तूवर बसते तिच्यावर पाचकरस सोडते, ती वस्तू बाहेरच विरघळवते आणि मग शोषून घेते. आपण खाऊन पचवतो, ती पचवून खाते, असे म्हटले तरी चालेल.

डोळ्यांना दिसतो तो बुरशीचा कापूस म्हणजे बारीक तंतूंचे जाळे. त्यावरची हिरवी, काळी किंवा पिवळी भुकटी म्हणजे तिचे बीजाणू. हे बीजाणू इतके सूक्ष्म असतात की वाऱ्यावर सहज तरंगतात. आपण श्वास घेतो त्या प्रत्येक खोलीत ते असतात. त्यांना ओल मिळाली आणि खायला काही मिळाले की ते रुजतात. श्रीमंताच्या बंगल्यात आणि आपल्या पत्र्याच्या खोलीत बीजाणू सारखेच येतात. फरक पडतो तो ओलीमुळे आणि कोंडलेल्या हवेमुळे.

जंगलात पडलेले लाकूड आणि पालापाचोळा कुजवून त्याची माती करण्याचे मोठे काम बुरशी करते. लाकडातला सर्वांत चिवट भाग मोडून काढणे तर मुख्यतः तिलाच जमते. ती नसती तर सह्याद्रीत मेलेल्या झाडांचे ढीग साचले असते आणि नव्या रोपाला खायला काही उरले नसते. बहुसंख्य झाडांच्या मुळांशी काही बुरशी राहतात. त्या आपल्या तंतूंनी दूरचे पाणी आणि स्फुरद मुळापर्यंत आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. असा हा देण्याघेण्याचा व्यवहार जमिनीखाली कोट्यवधी वर्षे चालू आहे.

पिंपरीच्या टाक्यांतली बुरशी

१९२८ च्या सप्टेंबरात लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना आपल्या प्रयोगाच्या एका बशीत बुरशी वाढलेली दिसली. बुरशीच्या आसपास जंतू वाढत नव्हते. दुसरा कोणी असता तर त्याने ती बशी धुवायला टाकली असती. फ्लेमिंग यांनी ती न्याहाळली. पेनिसिलियम जातीच्या त्या बुरशीतून जे द्रव्य पाझरत होते त्याला त्यांनी पेनिसिलीन हे नाव दिले. पुढे ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन, हीटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळे काढले. १९४१ साली एका पोलीस शिपायाला ते टोचले. तो सुधारू लागला. पण औषधच संपले. त्याच्या लघवीतून पेनिसिलीन पुन्हा गाळून काढले आणि त्यालाच टोचले, तरी ते पुरले नाही आणि तो दगावला. औषध माहीत असणे पुरेसे नसते, ते पुरेसे तयार व्हावे लागते, हा धडा जगाला त्या शिपायाच्या मरणाने मिळाला.

स्वतंत्र भारतापुढे हाच प्रश्न होता. परदेशातून येणारे पेनिसिलीन गरिबाला कसे परवडणार? म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे तांत्रिक साहाय्य आणि युनिसेफने दिलेली यंत्रसामग्री घेऊन भारत सरकारने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला. १० मार्च १९५४ रोजी कंपनीची स्थापना झाली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याच १९५४ साली २५ डिसेंबरला, येथून काही मैलांवर देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले ते १९६२ साली, आणि चाकणची कारखानदारी तर त्याच्याही पुष्कळ नंतरची. भोसरी-चाकणच्या गाड्या आणि सुटे भाग येण्याआधी पिंपरीची ओळख देशाला झाली ती या 'एच.ए. कंपनी'मुळे. एच.ए. कॉलनी हे नाव अजूनही रिक्षावाल्याला सांगावे लागते.

या कारखान्यात पिकत होती ती बुरशीच. उंच बंद टाक्यांत साखरेचे आणि मक्याच्या स्टार्चमधून उरणाऱ्या पाण्याचे खाद्य. त्यात जंतुविरहित हवा सोडायची, सतत घुसळत ठेवायचे, तापमान पंचवीस अंशांच्या आसपास राखायचे. बाहेरचा एखादा जंतू आत शिरला तर सगळा घाण वाया. म्हणजे बाहेरच्या जगात जी बुरशी सगळे नासवते, तिला नासू नये म्हणून इथे माणसे रात्रपाळी जागत होती. न्यूमोनियाचे मूल, बाळंतपणानंतर तापाने फणफणलेली बाई, यंत्रात बोट सापडून जखम चिघळलेला कामगार, अशा किती जणांना या इंजेक्शनने तारले असेल.

पिंपरीच्या कारखान्याने आणखी एक काम केले, ते फार थोड्यांना ठाऊक आहे. पेनिसिलीन जंतूंना मारते, बुरशीला नाही. बुरशीच्या पेशी आपल्या पेशींशी बऱ्याच मिळत्याजुळत्या असतात. म्हणून बुरशी मरावी आणि माणूस मात्र सुखरूप राहावा असे औषध शोधणे अवघड असते. एच.ए.च्या संशोधन विभागातले डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका सूक्ष्म जिवाणूपासून असे औषध मिळवले. त्याचे नाव हमायसीन. नावाच्या आरंभी एच.ए.चीच अक्षरे आहेत. १९६१ साली ते जगापुढे आले. ज्या जिवाणूपासून ते निघाले त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना. जगातल्या शास्त्राच्या पुस्तकांत आपल्या पिंपरीचे नाव असे कोरले गेले आहे. पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिन हे औषधही याच कारखान्यातून आले.

पुढचा इतिहास सुखाचा नाही. बाहेरून, विशेषतः चीनमधून, स्वस्त पेनिसिलीन येऊ लागले आणि देशातले मूळ उत्पादन मागे पडत गेले. एच.ए. आजारी कंपन्यांच्या यादीत गेली, कामगारांचे पगार थकले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनीची जादा जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय घेतला. २०२४ साली आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ पेनिसिलीनचा नवा मोठा प्रकल्प सुरू झाला. जे काम पिंपरीच्या कामगाराने १९५५ साली करून दाखवले होते, त्यासाठी देशाला सत्तर वर्षांनी पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागली. याचा विचार आपण कामगार म्हणून करायला हवा.

ताटात आणि शेतात

पाव फुगतो तो यीस्ट या एकपेशीय बुरशीमुळे. ती पिठातली साखर खाते आणि वायू सोडते. इडलीच्या पिठात मोठे काम जिवाणूंचे असते, यीस्ट जोडीला असते. दह्याला मात्र बुरशी लागत नाही, ते काम जिवाणूंचे. थंड पेयांना आंबटपणा देणारे सायट्रिक आम्लही काळ्या बुरशीच्या एका जातीकडून कारखान्यात तयार करून घेतात.

हेच यीस्ट गुळाच्या रसायनात पडले की दारू तयार होते. पाव देणारी बुरशी तीच, आणि घरचा पगार आणि बायकापोरांचे सुख गिळणारीही तीच. दोष बुरशीचा नाही. तिच्यापुढे पीठ ठेवायचे की गूळ कुजवायचा हे माणूस ठरवतो. पंचशीलातले पाचवे शील भगवान बुद्धांनी माणसासाठी सांगितले आहे.

आपल्यापैकी बरीच कुटुंबे मराठवाडा, सोलापूर, नगर, विदर्भ या भागांतून इथे आली. गावाकडे ज्वारीची काणी, गव्हाचा तांबेरा, द्राक्षावरची भुरी ही नावे घराघरात असत. हे सगळे बुरशीचे रोग. बाजरीच्या कणसावर अरगट पडतो, त्याचे दाणे पोटात गेले तर मळमळ, उलट्या, गुंगी येते. म्हणून पेरणीआधी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बी टाकतात. वर तरंगणारे दाणे काढून टाकायचे, तळाला बसलेले धुऊन, सुकवून पेरायचे. दुसऱ्या बाजूला ट्रायकोडर्मा ही मित्र बुरशी बियाण्याला चोळली तर ती मूळ कुजवणाऱ्या बुरशीला वाढू देत नाही. काट्याने काटा काढायचा तो असा.

शेंगदाणे आणि मका ओले राहिले तर त्यांवर पिवळट-हिरवी बुरशी येते. तिचे विष अफ्लाटॉक्सिन. १९६० साली इंग्लंडमध्ये असल्या पेंडीमुळे एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले, तेव्हा हे विष ओळखले गेले. आपल्या शेजारी १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला मका आदिवासींनी खाल्ला. घरात दुसरे काही नव्हते. सुमारे चारशे माणसांना काविळीने गाठले आणि शंभरावर माणसे मेली. बुरशी जात पाहत नाही हे खरे. पण नासका दाणा कोणाच्या ताटात जातो हे मात्र समाज ठरवतो.

हे विष शिजवून किंवा भाजून पुरते जात नाही. म्हणून सुरकुतलेले, काळपट, कडू लागणारे शेंगदाणे कुटात घालू नयेत. पावाची बुरशी लागलेली बाजू कापून उरलेला मुलांना देऊ नये, कारण तंतू आतपर्यंत गेलेले असतात. काटकसर चांगली, पण ती इथे नको.

अळंबी हीदेखील बुरशीच. पावसात उगवणारी रानातली छत्री ओळखीची नसेल तर तोडूच नये. विषारी आणि खाण्याची यांत फरक करण्याची कोणतीही घरगुती युक्ती खरी नाही. चांदीचे नाणे काळे पडते वगैरे समजुती जिवावर बेततात. धिंगरी अळंबी मात्र घरी पिकवता येते. गव्हाचे काड भिजवून, गरम पाण्यात तासभर ठेवून, निथळून, बियाणे मिसळून पिशव्यांत भरायचे. तीन-साडेतीन आठवड्यांत पीक हाती येते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबी संशोधनाचे केंद्र आहे. बचत गटाच्या भगिनींनी तिथे चौकशी करण्यासारखी आहे.

अंगावरची बुरशी

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ, कारण ती घरोघरी आहे आणि लाजेने कोणी बोलत नाही. नायटा किंवा गजकर्ण, चिखल्या, शिबे, जांघेतली खाज, लहान बाळाच्या जिभेवरचा न पुसला जाणारा पांढरा थर, बायकांना पांढरे जाऊन सुटणारी खाज, यांच्यामागे बहुतेक वेळा बुरशी असते. खरूज मात्र बुरशीची नसते, ती किड्याची.

आपल्या पट्ट्यातले जीवन या बुरशीला सोयीचे आहे. भट्टीजवळ आठ तास घाम. पायात लोखंडी टोपणाचे बूट, ते ओव्हरटाइम धरून बारा तास. चाकण, भोसरी, निगडीला कॉट बेसिसवर एका खोलीत सहा-सहा, आठ-आठ पोरे. एकच टॉवेल, एकच दोरी, पावसात खोलीतच वाळणारे कपडे. मशीन शॉपमधल्यांना गुरुवारच्या सुट्टीनंतर कूलंटला येणारा वास माहीत आहे. तो मुख्यतः जिवाणूंचा, पण पाइपात जो बुळबुळीत गोळा अडकतो त्यात बुरशीही असते. त्यात हात घालून राहिल्यास कातडी सोलवटते आणि सोलवटलेल्या कातडीत जंतूंना आणि बुरशीला वाट सापडते.

मग माणूस काय करतो? मेडिकलमध्ये जाऊन म्हणतो, "खाजेची एक ट्यूब द्या." अशा कित्येक ट्यूबांत बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड असते. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते, माणूस खूश होतो. पण स्टिरॉइडने कातडीचा प्रतिकार दाबला जातो आणि खाली बुरशी मोकळी पसरते. ट्यूब बंद केली की दुप्पट जोराने उसळते. कातडी पातळ होते, जांघेत कायमचे वळ पडतात, नायट्याचे रूप इतके बदलते की डॉक्टरलाही ओळखता येत नाही. २०१८ साली सरकारने अशी स्टिरॉइडची मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी ती मागितल्यावर मिळतात.

याची किंमत आता सगळे जग मोजते आहे. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी नायट्याची एक नवी बुरशी आपल्या देशातून पुढे आली. २०२० साली तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले. त्या नावातच आपला देश आहे. अर्धवट उपचार आणि स्टिरॉइडच्या ट्यूबा यांचा तिच्या फैलावात मोठा वाटा आहे असे त्वचारोगतज्ज्ञ मानतात. पिंपरीच्या नावाने एक औषध जगाला मिळाले आणि देशाच्या नावाने एक हट्टी रोग. दोन्ही नावे लक्षात ठेवावीत.

कातडीच्या रोगाला लाजण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. शिबे पाहून "कोड आहे" म्हणत मुलीचे जमलेले लग्न मोडतात. वास्तविक शिबे ही साधी बुरशी असते, औषधाने जाते, आणि कोडही संसर्गाने पसरत नाही. कोणी देवऋषाकडे जातो, कोणी रॉकेल चोळतो, कोणी पूर्वजन्मीचे पाप म्हणतो. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्या समाजाने कोणाच्या कातडीवरून माणसाला दूर ढकलू नये.

धम्मपदाच्या अट्ठकथेत तिस्स नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. त्याच्या सर्वांगाला फोड आले, ते फुटले, चीवर अंगाला चिकटले. सोबतचे भिक्खू त्याला टाकून गेले. भगवान बुद्धांनी स्वतः पाणी तापवले, त्याचे चीवर गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायला लावले, त्याला आंघोळ घातली आणि वाळलेले चीवर नेसवले. तिस्साचा रोग कोणताही असो, गरम पाणी, स्वच्छ वस्त्र, ऊन आणि माणसाचा हात या चार गोष्टी आजचा डॉक्टरही पहिल्यांदा सांगतो.

काळ्या बुरशीचा धडा

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' म्हणजे म्युकरमायकोसिस हा रोग महाराष्ट्रात फार पसरला. कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा काढावा लागला. ही बुरशी नवी नव्हती. माती, कुजका पाला, शिळे फळ, सगळीकडे ती असते. एकापासून दुसऱ्याला ती लागत नाही. पण अनियंत्रित मधुमेह, त्यात कोरोना आणि त्यावर स्टिरॉइडचा मारा, अशा शरीरात तिला रान मोकळे मिळाले. तिच्यावरचे ॲम्फोटेरिसीन हे इंजेक्शन बाजारातून नाहीसे झाले आणि नातेवाईक चिठ्ठ्या घेऊन दारोदार फिरले. हे औषधही आपल्या हमायसीनच्याच कुळातले, तेही मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले.

मधुमेह हा आता साहेबांचा रोग राहिलेला नाही. बाबासाहेबांनाही अखेरची वर्षे त्याने छळले. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक कामगाराने आणि गृहिणीने वर्षातून एकदा तरी रक्तातली साखर तपासावी. साखर ताब्यात असेल तर बुरशीचा अर्धा जोर तिथेच संपतो.

घरात काय करावे

• प्रत्येकाचा टॉवेल, बनियन, मोजे वेगळे. कपडे गरम पाण्यात धुवावेत. ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी, विशेषतः शिवणीवरून.

• मोज्यांचे दोन जोड ठेवावेत. जेवणाच्या सुट्टीत बूट काढून पाय मोकळे करावेत. बुटातली पट्टी रोज काढून वाळवावी. आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात.

• डॉक्टरने दिलेले औषध डाग गेल्यावरही, सांगितले तितके दिवस लावावे. घरात दोघांना असेल तर दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. नाहीतर रोग या अंगावरून त्या अंगावर फिरत राहतो.

• ईएसआय कार्ड असेल तर चिंचवडला मोहननगरचे रुग्णालय आहे, नसेल तर संत तुकारामनगरचे वायसीएम आहे. त्वचारोगाच्या डॉक्टरला दाखवण्यात कमीपणा नाही.

• भिंतीला ओल असेल तर आधी गळती शोधावी. नुसत्या रंगाने बुरशी झाकते, मरत नाही. स्वयंपाकाच्या वेळी खिडकी उघडी ठेवावी. धान्य आणि शेंगदाणे कोरड्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवावेत.

फ्लेमिंग यांच्या बशीतली बुरशी आणि आपल्या पावावरची बुरशी या जवळच्या बहिणी. एकीकडे कोणी थांबून पाहिले, विचार केला, शोध घेतला. बाबासाहेबांनी प्रज्ञेला शीलाच्या आणि करुणेच्या बरोबरीने का ठेवले, ते यावरून समजते. या वर्षावासात विहारात ग्रंथवाचन झाल्यावर दहा मिनिटे या विषयासाठी ठेवावीत. वस्तीतल्या एखाद्या डॉक्टरला किंवा नर्सताईंना बोलवावे आणि कपाटात दडवलेल्या ट्यूबा घेऊन यायला सांगावे. कोणती ठेवायची आणि कोणती टाकायची, हे तेवढ्यात कळेल.

जयभीम.